दुकानातल्या कोंबडीचं मीठ

आमच्या सोसायटीच्या खाली सुपरमार्केट आहे आणि त्याच्या दारात काचेचं एक उंच कपाट. त्यात सळ्यांवर ओवलेल्या कोंबड्या सकाळी अकरापासून गोल गोल फिरत असतात. रविवारी साडेबाराला तिथे लागणारी रांग ही बंगळुरातल्या अख्ख्या इलेक्ट्रॉनिक सिटीतली सगळ्यात शिस्तीची रांग असेल. आठवडाभर लॅपटॉपला जुंपलेली माणसं रविवारी कुठे कांदे चिरत बसणार? अख्खी कोंबडी घ्यायची, चंदेरी पिशवीत घालून वर आणायची आणि मोकळं व्हायचं.

वर आणल्यावर मात्र प्रत्येक घराची रीत वेगळी. समोरचे नागपूरचे तिला कात्रीने कापतात. शेजारचा एकटा राहणारा इंजिनीअर पिशवीतच हात घालून उभ्याने खातो आणि उरलेली तशीच फ्रिजमध्ये कोंबतो. माझी रीत पुणेरी, म्हणजे काटेकोर. छातीचं पांढरं मांस सोलून सोमवारच्या सँडविचसाठी डब्यात, दोन्ही तंगड्या नवऱ्याच्या ताटात, लसणीचं मेयोनीज फ्रिजच्या दारात, आणि उरलेला सगळा सांगाडा पिशवीला गाठ मारून कचऱ्यात. वीस मिनिटांत रविवारचं जेवण उरकायचं याचा मला अभिमान होता.

अण्णा आमच्याकडे राहायला आले त्याच्या दुसऱ्याच रविवारी त्यांनी ती गाठ सोडली. मी बेसिनपाशी हात धूत होते. मागे वळून बघते तर सासरे कचऱ्याच्या डब्याशी वाकलेले आणि हातात माझी पिशवी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही पोटभर जेवू घालत नाही असं शेजाऱ्यांना वाटेल, हा माझा पहिला विचार. अण्णांनी पिशवी ओट्यावर ठेवली, आत डोकावून बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "अम्मा, ह्यात अजून एक जेवण हाय की."

अण्णा म्हणजे जयसिंगराव. बंगळुरात पाच पिढ्या मुरलेलं मराठ्यांचं घर. घरात मराठी, दारात कानडी, आणि दोन्हींची अशी सरमिसळ की सुनेला 'अम्मा' म्हणतात आणि बापाला 'अण्णा'. कॉटनपेटेत त्यांचं मिलिटरी हॉटेल होतं. नावाला मिलिटरी, पण सैन्याशी काही संबंध नाही. मटण-कोंबडीचं जेवण देणाऱ्या खाणावळीला इथे तसं म्हणतात. बारा टेबलं, पळसाच्या पानांच्या पत्रावळी, आणि सकाळी साडेदहाला उतरणारा कोंबडीच्या सारूचा हंडा. सारू म्हणजे आपला पातळ रस्सा. तो हंडा अण्णांनी एक्केचाळीस वर्षं उतरवला. दीड वाजता तळ दिसायचा आणि दोन वाजता शटर खाली यायचं. जास्तीचं रांधायचं नाही, हा त्यांच्या वडिलांचा नियम.

आणखी एक नियम होता, तो मला फार उशिरा कळला. हॉटेलात आचाऱ्याने चाखायचं नाही. पहिली वाटी डब्यात घालून मागच्या गल्लीतल्या घरी जायची, माझ्या सासूबाईंकडे. सावित्रीबाई चाखायच्या आणि डबा परत पाठवायच्या. तोंडी निरोप नाही. झाकणात खडेमिठाचा खडा आला की मीठ कमी. बटाट्याची फोड आली की जास्त, म्हणजे बटाटे सोडा आणि पाणी वाढवा. झाकण धुऊन, पुसून, कोरडं आलं की हंडा उतरवायचा. हा डबा लहानपणी माझा नवरा, प्रदीपकुमार, शाळेआधी पळत नेऊन आणत असे. सासूबाईंनी बटाट्याची फोड पाठवली आणि अण्णांना राग आला, असं एकदाही झालं नाही म्हणे. उलट झाकण कोरडं आलं की ते दोनदा उलटंपालटं करून बघायचे.

मी सासूबाईंना जेमतेम चार वर्षं पाहिलं. तोंडावर खरं बोलणारी बाई. माझ्या पहिल्या पुरणपोळीला त्यांनी "पुढच्या वेळी डाळ शिजव" असं म्हटलं होतं, आणि मी आठवडाभर फुगून बसले होते. पुढे हॉटेलची जागा मालकाने विकली आणि शटर कायमचं खाली आलं. त्याच सुमाराला सासूबाईंची मूत्रपिंडं बिघडली. डॉक्टरांनी मीठ तोडलं. शेवटचे आठ महिने त्या बाईने सगळं अळणी खाल्लं. त्यांनी अण्णांकडे एकच गोष्ट मागितली, हॉटेलसारखा एक वाटीभर सारू, मिठासकट. तीनदा मागितली. अण्णांनी तिन्ही वेळा नाही म्हटलं. डॉक्टरांचं ऐकायला हवं होतं, त्यात त्यांची काही चूक नव्हती. पण चूक नसली म्हणून माणसाला सल लागत नाही असं थोडंच आहे?

त्या गेल्या. पंधरा दिवसांनी अण्णांना मोठा ताप आला, दवाखान्यात राहावं लागलं. बरे झाल्यावर काही महिन्यांनी, उगादीच्या म्हणजे पाडव्याच्या तोंडावर, कॉटनपेटचं घर आवरून आम्ही त्यांना इकडे आणलं.

तर, रविवारची कोंबडी. पुढच्या रविवारपासून ती सोडवण्याचं काम अण्णांकडे गेलं आणि मला पहिल्यांदा कळलं की आपण इतके दिवस तिच्याशी मारामारी करत होतो. घरी आणल्या आणल्या ते तिला हात लावू देत नसत. ताटात छाती खाली करून पालथी ठेवायची, म्हणजे पाठीतला रस छातीत उतरतो. हात ठेवून सोसवेल इतकी निवली की मग सुरुवात. सुरी नाही, कात्री नाही. अंगठा सांध्यात घालून असा काही दाबायचे की तंगडी आपण होऊन हातात यायची. पाठीच्या हाडाला दोन खळगे असतात, त्यांत सुपारीएवढे दोन लुसलुशीत तुकडे दडलेले असतात. ते काढून ते माझ्या ताटात ठेवत, दोन्ही. प्रदीपला एक द्या म्हटलं तर म्हणायचे, त्याने हॉटेलात लहानपणी पुष्कळ खाल्लेत.

मग सांगाडा, कातडी, पंखांची टोकं आणि पिशवीच्या तळाला साचलेला रस. हाडं बत्त्याने फोडायची, कांद्या-खोबऱ्यावर परतायची, मिरी-धने वाटून घालायचे, चार लोटे पाणी, आणि पाऊण तास मंद आच. त्या वासाने लिफ्टमधली माणसं आमच्या मजल्यावर नाक वर करून बाहेर डोकावायची. शेवटी मीठ. त्यासाठी त्यांनी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं प्लास्टिकचं टोपण ठेवलं होतं. चमचे सोडून हे काय, असं मी विचारलं तेव्हा ते हसून म्हणाले की त्यांचा हात चाळीस किलोच्या हंड्याचा आहे, चार माणसांच्या पातेल्यात तो बावचळतो.

पातेलं उतरवलं की पहिली वाटी माझ्यासमोर. आणि प्रश्न एकच, त्यात 'बरोबर' या अर्थाचा कानडी 'सरी'.

"मीठ सरी हाय का गे, अम्मा?"

पहिल्या रविवारी मी घोट घेतला. चव अशी की डोळे मिटावेत, पण मीठ थोडं पुढे गेलेलं. मी म्हटलं, "मस्त झालंय, अण्णा." आता आमच्याकडे पुण्यात पाहुण्याने 'कसं झालंय' विचारलं की 'मस्त' म्हणायचं असतं. ते उत्तर नसतंच, तो नमस्कार असतो. शिवाय म्हातारा माणूस, बायको गेलेली, हॉटेल गेलेलं, एका पातेल्यात जीव रमवतोय. त्याला कशाला खारट-अळणी ऐकवायचं? वाटीत गरम पाणी घातलं आणि प्यायले. प्रदीपने चाखलंही नाही. लहानपणी अंगाला सारूचा वास येतो म्हणून शाळेत मुलं चिडवायची, तेव्हापासून तो रस्सा खात नाही.

पुढच्या रविवारी मीठ किंचित वाढलेलं. "मीठ सरी हाय का गे?" "मस्त झालंय." त्याच्या पुढच्या रविवारी आणखी किंचित. मला वाटलं, वयाने हात सुटत चाललाय. एवढंच वाटलं. उगादीपासून हे चाललं होतं. श्रावणाचे रविवार सोडले तर एकही रविवार त्यांनी चुकवला नाही, आणि एकही 'मस्त' मी चुकवलं नाही.

खरं तर कळायला हवं होतं. एकदा त्यांच्या चहात साखर घालायला मी विसरले आणि त्यांनी तो तसाच बोलत बोलत संपवला. एकदा प्रदीपने अख्खी मिरची चावून डोळ्यांतून पाणी काढलं, तीच मिरची अण्णा पेरू खावा तशी खात होते. दोन्ही गोष्टी मी पाहिल्या होत्या. दोन्ही वेळा माझ्या एका हातात फोन होता.

श्रावण संपल्यावरचा दुसरा रविवार. ऑफिसात काहीतरी कोसळलं होतं आणि मी सकाळपासून कॉलवर होते. कानात इअरफोन, समोर लॅपटॉप. अण्णांनी वाटी आणून ठेवली. मी मान हलवली. ते उभेच. कॉलवर माझं नाव पुकारलं गेलं. मी घाईघाईने माइक बंद केला आणि वाटीला हातही न लावता म्हटलं, "आज सगळ्यात मस्त झालंय, अण्णा. आत्तापर्यंतचं बेस्ट." मला फक्त त्यांनी समोरून जावं असं वाटत होतं. ते गेले. जाताना त्यांचा चेहरा कसा खुलला होता, ते मला आज दिसतं.

तासाभराने मी ती वाटी बेसिनमध्ये ओतली.

भांडी घासायला येणारी वाणीअक्का उरलेला सारू डब्यातून घरी न्यायची. मंगळवारी मला बाजूला घेऊन म्हणाली, "अम्मा, उप्पु, मीठ जास्ती. तोंडात घालवत नाही. अज्जांना सांगा." तिला मराठी कळतं आणि माझं कानडी तिच्या मराठीहून वाईट, म्हणून आमचं असंच चालतं. मी तिला गप्प केलं. त्यांना वाईट वाटेल, तुला नको असेल तर नेऊ नकोस, पण त्यांच्यासमोर काही बोलू नकोस, असं बजावलं. तिने रिकामा डबा पिशवीत घातला आणि भांड्यांकडे वळली. दुसरं ती काय करणार होती?

त्याच आठवड्यात अण्णांनी जाहीर केलं की या अमावास्येला सावित्रीचं पान मी रांधणार.

भाद्रपदातली अमावास्या म्हणजे इथल्या घरांत पितरांचा मोठा दिवस. गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते सगळं केळीच्या पानावर वाढतात, मटण, कोंबडी, कुणाला विडी आवडत असेल तर विडीसुद्धा. पान वाढून दार लोटून घ्यायचं, थोडा वेळ बाहेर थांबायचं, मग आत जाऊन सगळ्यांनी जेवायचं. पान वाढेपर्यंत स्वयंपाक कुणी चाखत नाही. गेल्या वर्षी हे सगळं कॉटनपेटेत चुलतभावाच्या घरी झालं होतं, दुसऱ्यांच्या हातचं. या वर्षी अण्णांनी कॉटनपेटच्या पंधरा माणसांना आमच्याकडे बोलावलं. गुंडोलाही बोलावलं. गुंडो म्हणजे हॉटेलात तीस वर्षं त्यांच्या शेजारी उभा राहून कोंबडी तोडणारा माणूस, आता यशवंतपूरला मुलीकडे राहतो. "माझ्या हातचं सारू सावित्रीला द्यायचं राहिलंय," एवढंच ते मला म्हणाले.

प्रदीप गावठी कोंबडी आणायला निघाला तर अण्णांनी त्याला अडवलं. खालच्या दुकानातल्या भाजलेल्या चार आणायला सांगितल्या. प्रदीप चक्रावला. पितरांच्या पानावर सुपरमार्केटची कोंबडी? कॉटनपेटचे काय म्हणतील? ते काय म्हणायचं ते म्हणालेच. चुलतसासूबाई पदराआडून म्हणाल्या की मुलाच्या फ्लॅटमध्ये आल्यावर माणसाला कोंबडी कापायचाही कंटाळा येतो. अण्णांनी ऐकलं आणि ऐकून घेतलं. एक्केचाळीस वर्षांत शिळं-उरलेलं गिऱ्हाइकापुढे न ठेवलेला माणूस तो. चारही कोंबड्या पालथ्या घातल्या, निवल्यावर सोडवल्या. हाडं सारूत गेली, मांस पुलावात गेलं. मग टोपण घेतलं आणि मोजून मीठ घातलं. मी तिथेच नारळ खवत होते. हात अगदी स्थिर होता, आणि ओठ पुटपुटत होते, एकीला इतकं तर चारांना इतकं.

पान वाढलं. केळीच्या पानावर पुलाव, बटाट्याची भाजी, नाचणीचे उंडे, आणि मधोमध स्टीलच्या झाकणाच्या डब्यात सारू. तोच डबा, कॉटनपेटचा. अण्णांनी हात जोडले, काहीतरी बोलले, आणि आम्ही दार लोटून बाहेर पॅसेजमध्ये उभे राहिलो. अण्णा भिंतीला टेकून डोळे मिटून होते. मी त्यांना इतकं स्वस्थ कधी पाहिलं नव्हतं.

मग पंगत बसली. पहिला घोट घेतला आणि मी वाटी खाली ठेवली. समुद्राचं पाणी बरं. मी मान वर केली तर पंधरा माणसं पानाकडे बघत होती. चुलतसासूबाईंनी हळूच तांब्यातलं पाणी वाटीत ओतलं. एकजण पुलाव पुढे ओढून सारूची वाटी मागे सारत होता. अण्णा वाढत होते, पंगतीतून फिरत होते, "सोडू नका, सारू भरपूर हाय," म्हणत होते.

गुंडो म्हातारा झालाय. त्याने वाटी संपवली. पूर्ण संपवली. मग वाकून सावित्रीबाईंच्या पानावरच्या डब्याचं झाकण उचललं, आपल्या पानातल्या भाजीतली बटाट्याची एक फोड त्यात ठेवली आणि झाकण अण्णांपुढे धरलं.

अण्णांनी झाकणातली फोड बघितली. हातातली पळी त्यांनी पातेल्यात ठेवली. मग त्यांनी गुंडोकडे नाही, पंगतीकडे नाही, सरळ माझ्याकडे बघितलं.

"तू तर मस्त म्हणत होतीस की गे."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. रस्त्यात पत्ता विचारावा, सांगितलेल्या वाटेने तासभर चालावं, आणि मग ती वाट बंद निघावी, तसं ते विचारत होते.

पाहुणे गेल्यावर त्यांनी आम्हाला बसवून सांगितलं. त्या तापानंतर जीभ गेली. गोड नाही, तिखट नाही, खारट नाही. पाणी आणि सारू सारखंच. वर्षभर त्यांनी कुणालाही सांगितलं नाही, मुलालाही नाही. जीभ गेलेला आचारी म्हणजे काय, असं ते म्हणाले आणि वाक्य तसंच सोडलं. प्रदीपने विचारलं, मग दुकानातलीच कोंबडी का? अण्णा म्हणाले, बाजारच्या कोंबडीचा भरवसा नाही, एक लहान, एक जून, एक पाणचट. दुकानातली मशीनने मुरवलेली, दर रविवारी तेवढीच, तिच्यातलं मीठही तेवढंच. ती त्यांनी माप म्हणून धरली होती. पातेलं तेच, पाणी तेच, कोंबडी तीच, बदलायचं फक्त टोपणातलं मीठ. दर रविवारी चिमूटभर वाढवायचं आणि सून कधी 'आता पुरे' म्हणते त्याची वाट बघायची. सून काही 'पुरे' म्हणेना. मग एका रविवारी ती म्हणाली, आज सगळ्यात मस्त. ते माप त्यांनी पक्कं केलं.

म्हणजे ज्या वाटीला मी हातही लावला नव्हता, त्या वाटीच्या मापाने सावित्रीबाईंचं पान रांधलं गेलं. आठ महिने अळणी खाऊन गेलेल्या बाईपुढे आम्ही हे वाढलं. मी त्या रात्री प्रदीपला सगळं सांगितलं, बेसिनमध्ये ओतलेल्या वाटीसकट. तो म्हणाला, तुला काय माहीत होतं. ते खरं आहे. पण मला विचारलं होतं. वीस-बावीस रविवार एका माणसाने मला एक साधा प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर माझ्या जिभेवर होतं, आणि मी वेळ मारून नेली. सासूबाईंनी एक्केचाळीस वर्षं बटाट्याच्या फोडी पाठवल्या. त्या फोडींवर ते हॉटेल उभं होतं.

अण्णांनी टोपण कचऱ्यात टाकलं. रविवारी कोंबडी यायची, पण ते जागचे उठायचे नाहीत. मी सोडवायला लागले की बघायचेही नाहीत. पाठीतले दोन तुकडे मी त्यांच्या ताटात ठेवायची, ते खायचे, जसं बाकीचं खायचे तसंच. सांगाड्याचं काय करू असं विचारलं तर म्हणायचे, "टाकून दे." मी ते फ्रीजरमध्ये ठेवत गेले. दिवाळीपर्यंत फ्रीजरमध्ये चार सांगाडे झाले, आइस्क्रीमला जागा उरली नाही.

परवाच्या रविवारी मी ताज्या सांगाड्याचा सारू केला. प्रदीप बोम्मसंद्राला कारखान्यात गेला होता, मशीन बंद पडलं म्हणून. अण्णा जेवणाच्या टेबलाशी बसले होते, पेपर पुढे धरून. हाडं फोडली, परतली, चार लोटे पाणी घातलं, पाऊण तास मंद आचेवर ठेवलं. सगळं त्यांच्यासारखं. मिठापाशी आल्यावर मात्र माझा हातच पुढे होईना. मग मी ठरवलं, असंच द्यायचं. ते म्हणतील, मला काय कळतंय, तूच चाख आणि सांग. मग मी चाखेन आणि खरं सांगेन, अळणी आहे, किती घालू? तिथून आमचं बोलणं सुरू होईल. मी मनातल्या मनात सगळी बोलणी करून ठेवली होती.

तोच कॉटनपेटचा डबा घेतला, भरला आणि झाकण लावून त्यांच्यासमोर ठेवला. मी विचारलं, "अण्णा, मीठ बरोबर आहे का?"

त्यांनी पेपर बाजूला ठेवला. डबा उघडला आणि सावकाश, घोट घोट, सगळा प्यायले. उठून बेसिनपाशी गेले, झाकण धुतलं, पंच्याने पुसलं आणि आणून माझ्यापुढे ठेवलं. कोरडं.

"मस्त झालंय, अम्मा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "अण्णा, मी मीठच घातलेलं नाही."

"ठाऊक हाय की," ते म्हणाले. "मिठाच्या डब्याला तुझा हात लागला नाही. मी बघत होतो."

"मग मस्त का म्हणालात?"

त्यांनी चष्मा काढून पंच्याने पुसला. "तू पण मायेनंच म्हणत होतीस की गे. मला कळलं ते, मागनं."

माया नव्हती हो अण्णा, कंटाळा होता. तुम्ही समोरून जावं म्हणून म्हटलं होतं, न चाखता म्हटलं होतं. हे मला त्याच क्षणी सांगायला हवं होतं. झाकण माझ्या हातात होतं, टोपलीत बटाटे होते, आणि समोर माझ्या एका खऱ्या शब्दासाठी सहा महिने थांबलेला माणूस होता.

मी म्हटलं, "हो, अण्णा."

ते मान हलवून उठले आणि गॅलरीत जाऊन बसले. मी मिठाचा डबा उघडला आणि अंदाजाने पातेल्यात मीठ घातलं.